पातळाच्या पडद्याआडून स्पीकर कसा निवडावा

गाण्याचे वेड असलेली चार माणसे एका ओटीवर जमली की कोकणात भजनाच्या खालोखाल वाद रंगतो तो स्पीकरचा. एकाला मोठ्या वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या) जोडीशिवाय पखवाज पखवाज वाटत नाही. दुसरा, बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेल्या एलएस३/५ए या बुटांच्या खोक्याएवढ्या स्पीकरपुढे बाकी सर्व गोंगाट मानतो. तासाभराने कोणीतरी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून चहा मागवतो आणि वाद होता तिथेच राहतो. माझे म्हणणे एवढेच की हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. आवाजाची पातळी, खोली, स्पीकरची प्रकृती आणि डोळ्यांनी पाहिलेले नाव या चार गोष्टी बाजूला काढल्यावर जे शिल्लक राहते, तीच आवड. त्या चार गोष्टी घरच्या घरी बाजूला कशा काढाव्यात, हे पुढे सांगितले आहे.

आरंभ स्पीकरच्या प्रकृतीपासून करावा, कारण समुद्राकाठच्या हवेत तीच आधी बिघडते. जुन्या वूफरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड दमट हवेत विरत जाते आणि बोट लावताच भुगा होऊन हातात येते. रबरी कड तुलनेने पुष्कळ टिकते, म्हणून वापरलेली जोडी विकत घेताना जाळी काढून ही कड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मागच्या, तारा जोडण्याच्या पट्ट्यांवर आणि तांब्याच्या तारांच्या उघड्या टोकांवर खाऱ्या वाऱ्याने कळक चढतो. तो खरवडून, टोके नव्याने सोलून घट्ट बसवावीत. ज्या स्पीकरला हवा बाहेर टाकणारी नळी असते, तिच्यात विजेरीचा झोत टाकून पाहावे. माझ्या घरी एका पावसाळ्यानंतर डावा स्पीकर ‘कोरडा आणि संयमी’ वाजू लागला होता, आणि हा स्वभाव मला उजव्यापेक्षा अधिक सुसंस्कृत वाटतो, असे मी दोन महिने मित्रांना पटवून देत होतो. पुढे साफसफाईत नळीतून कुंभारीण माशीचे मातीचे घरटे निघाले. नळी निम्म्याहून अधिक बुजली होती. तेव्हापासून मी एक साधी कसोटी आधी घेतो. एकाच माणसाचे बोलणे दोन्ही स्पीकरमधून सारखेच सोडावे आणि दोहोंपासून समान अंतरावर बसावे. आवाज बरोबर मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल, तर एक तर जोडीतला एक स्पीकर आजारी आहे, किंवा दोन बाजूंच्या भिंती वेगळ्या वागत आहेत. स्पीकरची अदलाबदल केल्यावर यांतले कोणते खरे ते लगेच कळते.

खोलीचा प्रश्न याहून मोठा आहे. साधारण दोनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनांच्या, खाली आपण स्पीकरपेक्षा खोलीच अधिक ऐकत असतो. समोरासमोरच्या भिंतींत १२ फूट अंतर असेल तर ४७ हर्ट्झच्या आसपास, आणि १० फूट असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून फुगतो, आणि हे स्पीकरच्या किमतीवर अवलंबून नसते. चिऱ्याची जाड भिंत खर्ज बाहेर जाऊ देत नाही. उघड्या खिडक्या आणि माळा नसलेले कौलारू छप्पर तो जाऊ देतात, शिवाय उतरत्या छपरामुळे वर-खाली समांतर पृष्ठे राहत नाहीत. म्हणून जुन्या माजघरात शोभणारी जोडी नव्या स्लॅबच्या, गुळगुळीत लाद्यांच्या बंगल्यात नेली की घुमते आणि वरच्या पट्टीत चिरकते. अशा खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे झणझणाट ऐकू आला, तर स्पीकर बदलण्यापूर्वी जमिनीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर घडी घातलेली घोंगडी हे उपाय करावेत. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. भिंतीपासून हातभर पुढे ओढून, वीतभर मागेपुढे सरकवत पखवाजाची डावी बाजू ऐकावी, आणि घुमारा फुगण्याऐवजी थाप स्पष्ट सुटी ऐकू येईल तेथे खडूने खूण करावी. लहान खोलीत भिंतीजवळच ठेवणे भाग असेल, तर नळी नसलेला बंदिस्त पेटीचा स्पीकर सहसा अधिक सोयीचा ठरतो. त्याचा खर्ज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे भिंतीने दिलेली भर त्याला मानवते.

आता पातळी. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज माणसाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानातील बहुतेक निवाडे येथेच फसतात. एका स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो ते माप, ८३ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ डेसिबल असेल, तर बटण न हलवता एकावरून दुसऱ्यावर जाताना सहा डेसिबलचा फरक पडतो. तो भरून काढण्यास पहिल्याला चौपट वीजशक्ती द्यावी लागते. यावर उपाय सोपा आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (सर्व पट्ट्यांतले सूर एकत्र असलेला चाचणीचा खळखळाट) तयार करावा, मोबाइलवर आवाज मोजणारे अ‍ॅप घ्यावे, मोबाइल ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर एका जागी बांधून ठेवावा, आणि दोन्ही स्पीकरची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी. मोबाइलचा आकडा अचूक नसतो. पण तुलनेपुरता तोच मोबाइल त्याच जागी पुरतो. पातळी रोजच्या ऐकण्याची असावी. फ्लेचर आणि मन्सन या श्रवणाच्या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज लहान केला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी ऐकू येतो. त्यामुळे शेजारी झोपल्यावर ऐकणाऱ्याने भर दुपारी मोठ्याने वाजवून निवड केली, तर ती चुकण्याचीच शक्यता अधिक.

डोळे झाकण्याचे काम मात्र सर्वांत अवघड, कारण त्यात प्रतिष्ठा गुंतलेली असते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या स्पीकरच्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले, तेव्हा गुणांचा क्रम बदलला. अनुभवी कानही याला अपवाद ठरले नाहीत. देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, हा वादसुद्धा आपण पेटीवरचे नाव वाचून घालतो, फोडी ताटात आल्यावर नव्हे.

पडद्यासाठी जुने, धुऊन विरलेले सुती पातळ घ्यावे. तोंडावर धरून त्यातून सहज श्वास घेता आला, तर आवाजही जवळपास अडथळ्याविना जातो; चादर किंवा घडी घातलेले कापड झांजेची धार बोथट करते. ओटीच्या दोन खांबांना दोरी बांधून त्यावर पातळ सोडावे. त्यामागे प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर ठेवावा. एकेकटा स्पीकर ऐकताना दोष जोडीपेक्षा स्पष्ट कळतात, हेही टूल यांच्याच कामातून पुढे आले. अर्धी फेरी झाल्यावर दोघांच्या जागा बदलाव्यात, अन्यथा आपण स्पीकर न निवडता जागाच निवडतो. बदल करणारा माणूस पडद्याआड असावा, त्याने क्रम नाणे उडवून ठरवावा, आणि शक्यतो तो गाण्याविषयी उदासीन असावा. जाणकार माणूस खोकला तरी ओटीवरची मते बदलतात. ऐकणाऱ्यांनी कागदावर गुण लिहावेत आणि सर्व फेऱ्या संपेपर्यंत एकमेकांच्या तोंडाकडे पाहू नये. भजनी मंडळाच्या बुवांनी मान डोलावली की बाकीचे काय लिहितील, ते सांगायला नको.

वाजवायचे काय, तर तीन तुकडे पुरेत, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे. तंबोऱ्यावरचे एकल गायन जवारीसाठी (तारेच्या झणकारीसाठी), डबलबारी म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनातला पखवाज आणि झांज, आणि घरातल्याच माणसाचे बोलणे. हा तिसरा तुकडा मोबाइलवर अंगणात मोकळ्यावर ध्वनिमुद्रित करावा. माइकचा दोष त्यात उतरेल, परंतु तो दोन्ही स्पीकरना सारखाच. आणि ज्या आजीचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो, तिचा आवाज कोणत्या पेटीतून नाकात येतो, हे ओळखण्यासाठी कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. हे सर्व नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात पागोळ्या आणि पत्र्यावरची सर यांखाली तंबोऱ्याची आस बुडून जाते, आणि मे महिन्यात पंखा बंद करायला कोणी तयार होत नाही.

तारांविषयी थोडक्यात. महाग तारेने फरक पडतो असे कोणी म्हणत असेल, तर नाणे उडवून सोळा वेळा दोन तारांपैकी एक जोडावी आणि कोणती ते त्याला ओळखायला लावावे. निव्वळ अंदाजाने बारा किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारही नाही. त्याने बारा गाठले, तर त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे.

आठवड्याने हीच बैठक पुन्हा भरवावी आणि प्रत्येकाने स्वतःचे दोन कागद शेजारी ठेवावेत. ज्याचे दोन दिवसांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत, त्याच्यासाठी तो फरक पैसे मोजण्याइतका मोठा नाही. त्याने रबरी कड आणि दुरुस्तीची सोय पाहून स्वस्त जोडी घ्यावी. ज्यांचे जुळतात, त्यांच्यात उरलेला मतभेद बहुधा खर्ज किती हवा आणि झांज किती उजळ हवी, एवढाच निघतो. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरवर बेस आणि ट्रेबल यांची बटणे दिलेलीच असतात. ती वापरणे शुद्धतावाद्यांना पाप वाटते. मला मात्र तसे न वाटल्यामुळे आमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेसच्या बटणाभोवती पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत, डावीकडची माझी आणि उजवीकडची धाकट्या भावाची, आणि जो आधी ओटीवर येतो तो आपल्या खुणेवर बटण फिरवून बसतो.