ऑलिव्ह तेलाविषयीचे दावे कसे पारखावेत

‘बाजारातले सत्तर टक्के ऑलिव्ह तेल बनावट असते’ हा दावा बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेला असतो. तो पारखायचा असेल, तर तो आकडा कोणी, कशासाठी आणि नेमके काय मोजून काढला, हे आधी पाहावे. त्याचा उगम बहुतांशी जुलै 2010 मधल्या एका अहवालात सापडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑलिव्ह केंद्राने कॅलिफोर्नियातील दुकानांमधून ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ (रिफाइंड न केलेले, सर्वांत वरच्या दर्जाचे तेल) असे लेबल असलेल्या बाटल्या विकत घेऊन तपासल्या. त्यांत आयात केलेल्या तेलांच्या 69 टक्के, तर कॅलिफोर्नियात तयार झालेल्या तेलांच्या 10 टक्के नमुन्यांना चव आणि गंधाच्या कसोटीवर तो दर्जा टिकवता आला नाही. तपासलेले ब्रँड मोजकेच होते, नमुने एकाच राज्यातले होते आणि खर्चाचा काही भाग तिथल्याच ऑलिव्ह उत्पादकांनी उचलला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नापास होण्याच्या संभाव्य कारणांमध्ये अहवालाने स्वस्त रिफाइंड तेलाच्या भेसळीबरोबरच उष्णता, प्रकाश आणि वयामुळे झालेले ऑक्सिडीकरण (हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल खवट होणे) आणि खराब फळे हीसुद्धा नोंदवली होती. सांगोवांगी पसरताना ‘दर्जात उतरले नाही’ याचे ‘भेसळयुक्त आहे’ असे रूपांतर झाले. जानेवारी 2014 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केलेल्या एका चित्रमालिकेतही हीच गल्लत झाली आणि त्या वृत्तपत्राला नंतर दुरुस्ती द्यावी लागली.

म्हणून कोणताही आरोप वाचताना तो तीनपैकी कोणत्या दोषाविषयी आहे, हे वेगळे करावे. पहिला दोष भेसळीचा, म्हणजे ऑलिव्हच्या नावाखाली दुसऱ्याच बियांचे तेल मिसळण्याचा. दुसरा दर्जाच्या खोट्या नावाचा, म्हणजे तेल ऑलिव्हचेच असते, पण रिफाइंड किंवा खालच्या प्रतीचे तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणून विकले जाते. तिसरा वयाचा, बाटलीत भरताना उत्तम असलेले तेल गोदामात आणि दुकानाच्या प्रखर दिव्यांखाली महिनोन्‌महिने राहून खवट होते. पहिल्या दोन दोषांत फसवणूक असते. तिसऱ्यात बहुधा हलगर्जीपणा असतो. ग्राहकाचे पैसे तिन्हींत वाया जातात हे खरे, पण उपाय आणि जबाबदार माणूस दर वेळी निराळा असतो.

फसवणूक खरोखर होते, हे नाकारण्याचे कारण नाही. 1981 मध्ये स्पेनमध्ये औद्योगिक वापरासाठी ॲनिलिन हे विषारी रसायन मिसळलेले रेपसीड तेल फिरत्या विक्रेत्यांनी ऑलिव्ह तेल म्हणून विकले. सुमारे 20,000 लोक आजारी पडले आणि 300 हून अधिक माणसे दगावली. 2023 च्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या पोलिसांनी युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेच्या मदतीने 11 जणांना अटक केली आणि खाण्यास अयोग्य असे 2,60,000 लिटर तेल जप्त केले. दुष्काळामुळे पीक घटते आणि भाव चढतात, तेव्हा असल्या उद्योगांना ऊत येतो. मात्र अशा घटनांवरून दुकानातली प्रत्येक बाटली संशयास्पद ठरवणे म्हणजे प्रामाणिक उत्पादकाला लबाडाच्या रांगेत बसवणे होय, आणि लबाडाला हवे असते तेच.

आता दर्जाचा मापदंड पाहू. माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकानुसार एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाची मुक्त आम्लता (सुट्या झालेल्या मेदाम्लांचे प्रमाण) 100 ग्रॅममागे 0.8 ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, पेरॉक्साइड मूल्य (ऑक्सिडीकरण किती झाले याचे माप) 20 च्या वर जाऊ नये, आणि प्रशिक्षित चव-परीक्षकांच्या गटाला त्यात एकही दोष आढळू नये. त्याखालोखालच्या व्हर्जिन तेलाला आम्लतेची मर्यादा 2 ग्रॅम आहे. इथे एक गोष्ट जाहिराती वाचताना आवर्जून लक्षात ठेवावी: रिफाइंड ऑलिव्ह तेलाची आम्लता 0.3 ग्रॅमच्या आत असते, कारण रिफाइनिंगमध्ये मुक्त आम्ले काढूनच टाकली जातात. त्यामुळे ‘अत्यंत कमी आम्लता’ हा एकटा आकडा उत्तमपणाचा पुरावा ठरत नाही. शिवाय ही आम्लता जिभेला जाणवत नाही. ती प्रयोगशाळेतच मोजावी लागते.

घरगुती चाचण्यांवर मुळीच विसंबू नये. खरे तेल फ्रिजमध्ये गोठते, हा समज विशेष लोकप्रिय आहे. परंतु तेल किती आणि केव्हा गोठेल हे ऑलिव्हच्या जातीवर, त्यातल्या मेदाम्लांच्या प्रमाणावर आणि मेणांवर अवलंबून असते. शुद्ध तेल पातळ राहू शकते आणि मिश्रण घट्ट होऊ शकते. वातीने दिवा लावून पाहण्याची चाचणी तर त्याहून निरर्थक आहे, कारण वात दिली की कोणतेही खाद्यतेल जळते. रंगही काही सांगत नाही. परीक्षकांना गडद निळ्या पेल्यांतून तेल दिले जाते, ते रंगाचा मनावर परिणाम होऊ नये म्हणूनच.

लेबल वाचताना नजर आधी काढणीच्या तारखेकडे जावी. ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ ही मुदत सहसा तेल बाटलीत भरल्यापासून मोजली जाते, आणि भरण्यापूर्वी ते टाकीत किती काळ पडून होते हे त्यावरून समजत नाही. ‘प्युअर’ किंवा नुसते ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिलेले असेल, तर ते रिफाइंड आणि व्हर्जिन तेलांचे मिश्रण समजावे. ‘लाइट’ म्हणजे चवीला आणि रंगाला सौम्य, उष्मांक तेवढेच. ‘पोमेस’ हे चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढलेले तेल असते. युरोपीय संघात ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ हे शब्द तेल 27 अंश सेल्सिअसच्या आत काढले असेल तरच छापता येतात, म्हणून त्यांना अर्थ आहे. ‘पहिल्या दाबाचे’ या जुन्या शब्दांना मात्र आज फारसे वजन देऊ नये, कारण बहुतेक तेल आता सेंट्रिफ्यूजने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या यंत्राने, वेगळे केले जाते. एखाद्या देशाचे चित्र किंवा झेंडा दिसला, तरी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत फळांचा उगम शोधावा. अनेक देशांच्या तेलांचे मिश्रण असेल, तर ते तिथेच कळते. मिश्रण असणे हा गुन्हा नाही. गडद काच किंवा पत्र्याचा डबा निवडावा आणि शेल्फवर पुढे, उजेडात ठेवलेली बाटली टाळावी.

यानंतर स्वतःच्या नाकाला आणि जिभेला सराव द्यावा, कारण वयाचा दोष ओळखण्याचे हेच सर्वांत भरवशाचे घरगुती साधन आहे. छोट्या पेल्यात चमचाभर तेल घेऊन वर तळहात झाकावा, पेला दुसऱ्या हातात धरून कोमट होऊ द्यावा आणि मग वास घ्यावा. ताजे कापलेले गवत, कच्चे टोमॅटो, हिरवी पाने किंवा पिकलेले फळ यांची आठवण करून देणारा गंध चांगला. जुन्या अक्रोडाचा, मेणाचा, ओल्या कुबट जागेचा किंवा आंबल्याचा वास हा दोष. मग थोडे तेल जिभेवर घोळवून गिळावे. कडवटपणा आणि घशात उठणारा ठसका यांमुळे अनेकांना तेल खराब वाटते, पण ते उलट ताजेपणाचे गुण आहेत. हा ठसका ओलिओकँथाल या द्रव्यामुळे येतो, असे 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. सौम्य तेलही अस्सल एक्स्ट्रा व्हर्जिन असू शकते, त्यामुळे ठसका नाही म्हणून भेसळ, असा निष्कर्ष काढू नये. बियांचे गंधहीन तेल कौशल्याने मिसळले असेल, तर ते चवीवरून ओळखता येईलच असे नाही; तिथे प्रयोगशाळेला पर्याय नाही.

आरोग्याच्या दाव्यांनाही हीच शिस्त लावावी. युरोपीय संघात पॉलिफिनॉल या ऑलिव्हमधल्या नैसर्गिक द्रव्यांविषयीचा आरोग्यदावा करण्यासाठी 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल हे पॉलिफिनॉल आणि त्याच्याशी संबंधित द्रव्ये किमान 5 मिलिग्रॅम असावी लागतात. रोग बरा करण्याचे आश्वासन त्यात कुठेही बसत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल तापवले की विषारी होते, ही भीतीही निराधार आहे. चांगल्या तेलाचा धूरबिंदू (ज्या तापमानाला तेलातून धूर निघू लागतो) साधारण 190 अंश सेल्सिअसच्या पुढे असतो आणि नेहमीचे तळण 160 ते 180 अंशांत होते.

भीती पसरवणारा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्याच्या शेवटी काय विकायला ठेवले आहे, हे अवश्य पाहावे. ‘बाकी सगळे बनावट, आमचेच खरे’ असे सांगणाऱ्याने स्वतःच्या तेलाची काढणीची तारीख, उगम आणि विश्लेषणाचा अहवाल दिला नसेल, तर त्याच्या इशाऱ्याला पुराव्याचे मोल देऊ नये. एखाद्या बाटलीविषयी खरोखर संशय आला, तर ती फेकू नये: झाकण घट्ट लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी, पावती जपावी, लेबलावरचा लॉट क्रमांक (एकाच वेळी भरलेल्या साठ्याचा क्रमांक) टिपून घ्यावा आणि त्याच लॉटचा अहवाल उत्पादकाकडे लेखी मागावा. समाधानकारक उत्तर आले नाही, तर लॉट क्रमांकासह अन्नसुरक्षा यंत्रणेकडे तक्रार करावी. लॉट क्रमांक असेल, तर तिला तो संपूर्ण साठा शोधून तपासता येतो.