टाके पोटाला, त्रास छातीला : ऑपरेशननंतर या चुका टाळा

"आत्ता कुठे डोळा लागलाय हो त्यांचा, जरा नंतर याल का?"

सकाळी वॉर्डात शिरले की हे वाक्य ठरलेलं. सांगणारी मुलगी किंवा सून रात्रभर खाटेखाली चटई टाकून जागलेली असते, त्यामुळे तिच्यावर रागावता येत नाही. पण पेशंटकडे बघितलं की कळतं, डोळा वगैरे काही लागलेला नाही. हनुवटी छातीवर, कमरेत घसरलेला, तळवे खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला टेकलेले, आणि श्वास गळ्यापाशीच चाललेला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईच्या सर्जरी वॉर्डांत माझी बरीच वर्षं गेली. पोटाच्या ऑपरेशननंतर सगळं घर टाक्यांची काळजी करतं आणि फुप्फुसं कुणाच्या ध्यानीमनीही नसतात, हे चित्र मात्र अजून बदललेलं नाही.

आधी आत काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. आपण श्वास पूर्ण सोडला असं वाटतं तेव्हाही फुप्फुसांत बरीच हवा शिल्लक असते. मध्यम बांध्याच्या माणसात, उभं असताना, साधारण अडीच-तीन लिटर. ही शिल्लक हवाच फुप्फुसाच्या बारीक नळ्या उघड्या ठेवते. उताणं झोपलं की पोटातली आतडी, यकृत वगैरे सगळा भार श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, छातीकडे ढकलतो आणि ही शिल्लक अर्धा ते एक लिटरनं घटते. भूल दिली की आणखी जवळपास अर्धा लिटर जाते. वय पंचेचाळिशीच्या आसपास गेलं की उताणं झोपल्यावर तळाच्या काही नळ्या साध्या श्वासातही मिटू लागतात. एरवी याचा पत्ता लागत नाही. पण बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात चीर असेल तर श्वासपटल स्वतःच आखडतं. नुसत्या दुखण्यानं नाही, आतल्या नसांच्या प्रतिक्रियेमुळेही. म्हणून दुखणं थांबवलं तरी ते लगेच पूर्ण ताकदीनं हलत नाही. पहिल्या दिवशी खोल श्वासाची क्षमता निम्म्यावर येते आणि भरून यायला आठवडाभर, कधी जास्तही लागतो. मिटलेल्या भागात कफ साचतो, ऑक्सिजन घसरतो आणि पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो.

दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनला हा त्रास बराच कमी. (त्यानंतर खांदा दुखतो म्हणून हार्ट अटॅकच्या भीतीनं घाबरणारे खूप भेटतात. पोट फुगवायला वापरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ती बहुधा ओसरते. छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना सांगा.)

अर्धवट बसणं, म्हणजे न बसणं

उताणं पडून राहू नये हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. माझ्या मते त्याहून मोठी चूक वेगळी आहे आणि ती चूक वाटतच नाही. खाटेचं डोकं वर केलं, पाठीला दोन उश्या लावल्या, झालं. दहा मिनिटांत पेशंट खाली घसरतो. खाट जिथे दुमडते तिथे कंबर यायला हवी, तिथे आता छातीचा खालचा भाग आलेला असतो. म्हणजे शरीर बरगड्यांपाशी दुमडतं, पोट चेपलं जातं आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागाच उरत नाही. लांबून बघणाऱ्याला पेशंट 'बसलाय'. फुप्फुसांच्या दृष्टीनं तो उताण्याहून फारसा बरा नाही.

या खाटेला आपण फाउलर म्हणतो, ते जॉर्ज फाउलर या अमेरिकन सर्जनवरून. त्यांनी 1900 च्या सुमारास डोकं वर ठेवायला सांगितलं ते श्वासासाठी नव्हे. पोटात पू झाला तर तो खाली ओटीपोटात उतरावा, म्हणून. फुप्फुसांचा फायदा नंतर लक्षात आला.

उपाय सोपा आहे, करायचा कंटाळा असतो इतकंच. खाट आधी सपाट करा, दोघांनी मिळून पेशंटला पार वर सरकवा. काखेत हात घालून ओढायचं नाही, खालच्या चादरीला धरून सरकवायचं. कंबर खाटेच्या दुमडीवर आली की मग डोकं वर करा. आधी गुडघ्याखालचा भाग थोडा उचलला तर घसरणं कमी होतं. तासाभरानं पुन्हा बघा.

आणि जमेल तेव्हा खाट सोडून खुर्ची. हात टेकायला जागा असलेली, ताठ पाठीची. वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी एकच खुर्ची असते आणि चार ते सहाच्या वेळात तिच्यावर विरारहून किंवा कल्याणहून लोकलनं आलेले काका बसलेले असतात. पेशंट खाटेवर, भेटायला आलेले खुर्चीत. उलट करा. काका दोन घटका उभे राहिले तर बिघडत नाही. तोंडानं खाणं सुरू झाल्यावर चहा, खिमट, पेज जे काही सांगितलं असेल ते खुर्चीत बसूनच घ्यायचं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा बसणं आपोआप होतं.

रात्री कुशीवर. पोट पुढे सैल पडतं, श्वासपटलावरचा दाब हलका होतो. पोटाशी एक उशी, गुडघ्यांत एक. दोन-अडीच तासांनी कूस बदला. पोटातून बाहेर काढलेली नळी कुठल्या बाजूला आहे, त्या कुशीवर झोपलं तर चालेल का, हे सिस्टरना आधी विचारून घ्या.

विटांवरची खाट

घरी आल्यावर मुंबईचा खास प्रश्न. एका खोलीत संसार, त्यामुळे खाटेखाली ट्रंका आणि डबे, आणि ते मावावेत म्हणून खाटेच्या पायांखाली विटा. इतक्या उंच खाटेवरून पेशंटचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मग उठणंच टळतं. विटा काढता येत नसतील तर पायाखाली रुंद, न हलणारा पाट ठेवा आणि उठताना कुणीतरी शेजारी थांबा. दुसरे काही जण डोक्याकडच्या पायांखाली जास्तीची वीट सरकवतात. त्यानं सगळी खाट उतरती होते, शरीर कुठेच दुमडत नाही आणि पेशंट पायथ्याकडे घसरत राहतो. त्यापेक्षा भिंतीला लोड लावून पाठ ताठ टेकवा, किंवा फाउलर खाट भाड्यानं आणा. जमिनीवर गादी घालून झोपवणं पहिले काही दिवस नकोच, कारण उठताना पोटावर सगळा ताण येतो.

उठायचं ते सरळ बसून नव्हे. आधी गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या कोपरानं रेटा देत वर यायचं. 'टाके तुटतील' ही भीती या पद्धतीनं निम्मी होते.

बॉलचं मशीन

तीन रंगीत गोळ्यांचं ते यंत्र. दहातले निदान चारजण त्यात फुंकर मारताना मी पाहिलेत. ते ओढायचं असतं. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, ते दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली जाते त्याचे. म्हणून झटक्यात तिन्ही गोळे उडवणं हा पराक्रम नाही. एकच गोळा हळूहळू वर नेऊन दोन-तीन सेकंद तरंगत ठेवला तर हवा तळापर्यंत पोहोचते. आडवं पडून करायचं नाही. आणि खरं सांगायचं तर या यंत्राचाच मोठा फायदा होतो असं संशोधनातून ठोस दिसलेलं नाही. यंत्र नसेल तर ताठ बसून, नाकानं सावकाश खोल श्वास, तीन-चार सेकंद रोखून सोडणं, जागं असताना दर तासाला दहा वेळा, एवढंही चालतं.

खोकला गिळणं

दुखतं म्हणून खोकायचं नाही, आणि सवय लागेल म्हणून वेदनेची गोळी घ्यायची नाही. या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच घरात असतात. सांगितलेली गोळी वेळेवर घ्या, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं चालायला किंवा खोकायला सांगा. उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून, पुढे किंचित झुकून खोकायचं. त्याआधी आरशावर वाफ धरतो तसं 'हाः' करून दोन-तीनदा श्वास सोडला तर कफ सुटायला मदत होते. पोटाचा पट्टा दिला असेल तर तो बरगड्यांवर चढू देऊ नका.

कमरेत भूल दिली असेल तर '24 तास उशी नको' हा सल्ला अजून कानावर येतो. या भुलीनंतर काहींना होणारी डोकेदुखी सपाट झोपल्यानं टळत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालंय. ऑपरेशन करणाऱ्यांनी काही खास कारणानं सांगितलं असेल तर पाळा. शेजाऱ्यांनी सांगितलं असेल तर सोडा.

लगेच कळवा

बोलताना वाक्य तुटावं इतका दम, ओठ निळसर, बोटातल्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा 94 च्या खाली टिकून राहणं (नखाला रंग किंवा मेंदी असेल, बोट गार असेल तर दुसऱ्या बोटावर बघा), हिरवट किंवा रक्ताचा कफ, छातीत अचानक कळ, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. शेवटची लक्षणं पायातल्या गुठळीची आणि ती फुप्फुसात गेल्याची असू शकतात. यात रात्र काढायची नसते.

ज्यांच्या ऑपरेशनची तारीख अजून यायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन ठरलेल्या 441 जणांवर अभ्यास झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आधी फक्त पुस्तिका दिली. बाकीच्यांना पुस्तिकेबरोबर अर्धा तास बसवून फिजिओथेरपिस्टनं हेच सगळं समजावलं आणि करून घेतलं. फुप्फुसांचा त्रास पहिल्या गटात 27 टक्क्यांना झाला, दुसऱ्यात 12 टक्क्यांना. तेव्हा भरती व्हायच्या आधीच घरी खाटेवरून कुशीवर वळून उठायचा आणि उशी धरून खोकायचा सराव करून ठेवा, दुखत नसताना.