नवा पियानो कॉन्चेर्टो पहिल्यांदा ऐकताय? या चुका टाळा

चौथ्या भागात आवाज मध्येच थांबला, तेव्हा मी उठून राउटर बघून आले. दिवा हिरवाच होता. परत येऊन बसेपर्यंत पियानो पुन्हा दोन-चार सूर वाजवून गप्प झाला होता. मग लक्षात आलं, नेट व्यवस्थित आहे. ती शांतता रचनेतच लिहिलेली आहे.

रचना होती विसाव्या शतकातले हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेटी यांचा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि त्याच्या सोबतीला वाद्यवृंद अशी रचना. त्यांनी तो १९८५ ते १९८८ या काळात लिहिला. पाच भाग, पंचवीस मिनिटांच्या आत संपणारे, एक पियानो आणि लहानसा वाद्यवृंद. मोझार्ट-बेथोवेनच्या पुढचं काही ऐकायचंय असं कुणी म्हटलं की मी हाच कॉन्चेर्टो सुचवते. ख्याल आणि तबला ऐकत वाढलेल्या कानाला त्यात धरायला एक भक्कम गोष्ट आहे, ती म्हणजे लय. पण बहुतेक जण लयीकडे जातच नाहीत. ते धून शोधत बसतात, ती सापडत नाही, आणि पाचव्या मिनिटाला "आपल्याला यातलं कळत नाही" म्हणून बंद करतात. कान चांगलाच असतो, फक्त तो भलत्या ठिकाणी लावलेला असतो.

ऐकण्याआधीच्या चुका

शफल बंद करा. अ‍ॅपमध्ये हे पाच भाग पाच वेगवेगळ्या गाण्यांसारखे दिसतात आणि शफल चालू असेल तर तिसऱ्यानंतर पहिला लागतो. मध्ये जाहिरात येणार असेल तर त्या जागी ऐकूच नका. फोनच्या स्पीकरवरही नको, कारण त्यातून डबल बासचा, म्हणजे व्हायोलिनच्या सगळ्यात थोरल्या भावाचा, खालचा सूर येतच नाही आणि दुसऱ्या भागाची सुरुवातच त्याच्यावर उभी आहे. साधे वायरवाले इअरफोन चालतील. रेकॉर्डिंग निवडायचं तर पिएर-लोराँ एमार यांचा पियानो आणि पिएर बूलेझ यांचं संचालन असलेलं घ्या. त्यात प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ ऐकू येतं, आणि या रचनेत त्यालाच सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

समेची वाट बघणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. लहानपणी मी तबला शिकले, त्यामुळे पहिला भाग सुरू झाला की मान आपोआप सम शोधायला लागायची. पियानो सुरुवातीपासूनच धावत सुटतो. जुन्या कॉन्चेर्टोसारखी आधी वाद्यवृंदाने लांबलचक प्रस्तावना करायची आणि मग पियानोने दिमाखात यायचं, असं इथे नाही. मी मोजायला लागायची, चुकायची, पुन्हा मोजायची.

मोजणं चुकतं त्याला कारण आहे. हा भाग एकाच वेळी दोन लयींत चालतो. एका मापात, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेत, काही वाद्यांकडे १२ ठोके आणि काहींकडे ८. म्हणजे तीनास दोन. तबला शिकलेल्याला यात नवीन काही नाही, ही आपली आड, दीडपट. नवीन आहे ते पुढचं. दोन्ही प्रवाहांत जोर असमान ठिकाणी दिलेले आहेत, त्यामुळे आघात सतत सरकत राहतात. आपल्याकडे आड कितीही अवघड घेतली तरी सगळे समेवर भेटतात आणि आपण "वाह" म्हणतो. इथे ऐकणाऱ्यासाठी तशी भेट ठेवलेलीच नाही. मापाच्या रेघा वादकांनी एकमेकांना धरून राहावं एवढ्याचसाठी आहेत, असं लिगेटींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

यावर एक उपाय सांगते, आधी टेबलावर करून बघा. उजव्या हाताने तीन, डाव्या हाताने दोन, एकाच वेळात. क्रम असा पडतो: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. पहिल्या दोन ठोक्यांमध्ये अंतर दुप्पट, मग डावा आणि उजवा पाठोपाठ. हे दोन मिनिटं जमलं की पहिला भाग लावा आणि मोजू नका. फक्त एक प्रवाह धरा. कंटाळा आला की दुसरा धरा. बोंगोचा किंवा लाकडी ठोकळ्यांचा आवाज धरायला सोपा असतो. हरवलात तर हरवा, काही सेकंदांत पुन्हा काहीतरी हाताला लागतं.

हे कुठून आलं तेही सांगायला हवं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिगेटींच्या कानावर दोन गोष्टी पडल्या. एक, संगीत-अभ्यासक सिम्हा आरोम यांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेली ध्वनिमुद्रणं, ज्यांत अनेक माणसं आपापला छोटा नमुना वाजवत राहतात आणि सगळं मिळून एक गुंफण होते. दुसरी, मेक्सिकोत राहणारे संगीतकार कॉनलन नॅनकॅरो यांचं संगीत. ते कागदाच्या गुंडाळीला हाताने भोकं पाडून यांत्रिक पियानोसाठी अशा लयी लिहायचे, ज्या माणसाला वाजवता येणार नाहीत. लिगेटींनी तसलं काहीतरी माणसाच्या दहा बोटांना करायला लावलं.

दुसऱ्या भागात आवाज वाढवणं

पहिल्या भागाच्या धावपळीनंतर अचानक जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हात लगेच व्हॉल्यूमकडे जातो. तो आवरा. पुढे याच भागात शिट्ट्या आणि सायरनसकट असा कल्लोळ होतो की इअरफोन काढावे लागतील.

या भागावर लिहिलंय "लेंतो ए देझेर्तो", म्हणजे संथ आणि ओसाड. खाली डबल बासचा एक सूर पडून असतो, आपल्याकडे तानपुरा मागे असावा तसा, पण त्यात तानपुऱ्याची ऊब नाही. वर एक पोकळ, वाऱ्यासारखा आवाज येतो. बासरी वाटते, पण बासरीही नाही. ती पिकोलो आहे, बासरीची सगळ्यात चढी धाकटी बहीण, आणि तिला तिच्या अगदी तळच्या सुरांत वाजवायला लावलं आहे. मग बासून नावाचं लांबलचक फुंकवाद्य येतं. बासूनची जागा एरवी खर्जात, इथे त्याला नरडं ताणून वर चढवलं आहे. दोघंही आपापली हद्द सोडून उभे, म्हणून आवाज ओळखीचे वाटत नाहीत आणि "वाद्य बिघडलंय का" असं वाटतं. पुढे ओकारिना येते, फुगीर अंड्याएवढी शिट्टी-बासरी. दांडा आतबाहेर करून सूर घसरवायची, जत्रेत मिळते तशी शिट्टी येते. माउथ ऑर्गनही येतो. हे सूर पियानोच्या सुरांशी काटेकोर जुळत नाहीत आणि ते तसेच हवे आहेत. तार जुळेपर्यंत थांबायची आपली सवय इथे बाजूला ठेवा आणि फक्त एक गोष्ट ऐका. सूर पायरी-पायरीने, अर्ध्या सुराने खाली उतरत राहतात. रडून दमलेल्या माणसाचा आवाज उतरतो तसे.

या भागात फोन हातात घेऊन मेसेज बघू नका, एवढी मात्र विनंती.

आधी चरित्र वाचणं

लिगेटी ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्मले. वडील आणि धाकटा भाऊ नाझी छळछावण्यांत प्राणाला मुकले, आई आउशविट्झमधून वाचली. १९५६चा हंगेरीतला उठाव चिरडल्यावर ते देश सोडून ऑस्ट्रियात आले. हे कळल्यावर दुसरा भाग ऐकताना डोळे भरून येतात, ते मी समजू शकते. पण मी हे सगळं आधी वाचून ऐकायला बसले आणि मला पाचही भागांत छावणीच दिसायला लागली. तिसऱ्या भागातला खेळकरपणा, पाचव्यातला उजेड माझ्या कानावरून गेलाच नाही. आधी ऐका, आयुष्य मग वाचा.

"ही धून कोण वाजवतंय?"

तिसऱ्या भागात हा प्रश्न पडला तर तुमचं ऐकणं जमायला लागलं म्हणून समजा. फक्त उत्तर शोधायला जाऊ नका. गणपतीच्या मांडवात दिव्यांची धावती माळ असते. एकही दिवा जागेवरून हलत नाही, ओळीने लागतात आणि विझतात, तरी उजेड पळताना दिसतो. इथे तेच आहे. वादक झपाझप सारखे सूर वाजवतात, त्यातल्या काहींवर जोर देतात, आणि ते जोर मिळून एक संथ चाल तयार होते. ती कुणाच्याच कागदावर लिहिलेली नाही. ती फक्त ऐकणाऱ्याच्या मनात वाजते. लिगेटींना हाच परिणाम हवा होता.

चौथ्या भागातल्या शांततेचंही असंच. सुरुवातीला छोटे तुकडे आणि मध्ये भरपूर मोकळी जागा असते. हळूहळू ती जागा आटत जाते, तुकडे एकमेकांवर चढतात, शेवटी श्वास घ्यायला फट उरत नाही. त्या सुमारास लिगेटी फ्रॅक्टलची चित्रं पाहून भारावले होते. नक्षीचा छोटा तुकडा मोठा करून बघितला तर त्यात पुन्हा तीच नक्षी. तेव्हा राउटरकडे जाऊ नका, सुरुवातीच्या त्या फटी किती लांब आहेत ते लक्षात ठेवा. पुढच्या गर्दीचं मोल त्यावरूनच कळतं.

प्रत्यक्ष मैफलीत असा एखादा नवा कॉन्चेर्टो ऐकायची संधी आली, मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात किंवा परदेशात, तर मधल्यापेक्षा डावीकडची खुर्ची घ्या. तिथून वादकाचे हात दिसतात, आणि दोन हातांच्या दोन लयी डोळ्यांना दिसल्या की कानाचं निम्मं काम होतं. टाळ्या सगळे भाग संपल्यावर.

एकदाच ऐकून निकाल देणं

१९८६ साली ग्राझ शहरात हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा सादर झाला, तेव्हा त्याचे तीनच भाग होते. लिगेटींनी तो दोनदा ऐकला आणि मग त्यांना वाटलं की तिसरा भाग शेवट म्हणून पुरा पडत नाही. त्यांनी आणखी दोन भाग लिहिले आणि पाच भागांचा कॉन्चेर्टो २९ फेब्रुवारी १९८८ला व्हिएन्नात झाला. ज्याने प्रत्येक सूर स्वतः लिहिला त्यालाही दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

म्हणून पहिल्या दिवशी सगळा ऐकूच नका. पहिल्या भागाची पहिली दोन मिनिटं तीनदा ऐका आणि थांबा. दुसऱ्या दिवशी रात्री, घर शांत झाल्यावर, फक्त दुसरा भाग. आठवडाभराने पाचही सलग. तरीही फार खरखरीत वाटला तर अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्स यांचा १९९७चा पियानो कॉन्चेर्टो "सेंच्युरी रोल्स" घ्या. तोही यांत्रिक पियानोच्या गुंडाळ्यांवरून सुचलेला, पण त्याची लय पाय ठेवायला जागा देते. तिथून पुन्हा लिगेटीकडे या.

मला तिसऱ्या भागातली ती न लिहिलेली चाल चौथ्यांदा ऐकताना सापडली. सकाळी कणीक मळताना मी ती गुणगुणत होते.