बार्बेक्यूला व्हीगन पाहुणे येणार असतील, तर या चुका टाळा

बार्बेक्यूच्या बेतात एखादा पाहुणा व्हीगन (दूध, अंडी, मध यांसह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न खाणारा) असल्याचे कळले, की बहुतेक यजमान ढोबळी मिरची, कांदा आणि झुकिनीचे तुकडे काड्यांना ओवतात, सॅलडचे भांडे जरा मोठे घेतात आणि प्रश्न सुटला असे समजतात. पाहुणा सभ्यपणे खातो, कौतुकही करतो आणि तासाभराने त्याच्या पोटात कावळे ओरडू लागतात. दोष भाज्यांचा नसतो. मांसात प्रथिने आणि चरबी मुळातच असतात, त्यामुळे त्याला नुसते मीठ लावून निखाऱ्यांवर ठेवले तरी बरेचसे काम आपसूक होते. मशरूम किंवा वांग्यात मात्र 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. चव, स्निग्धता, दाताखाली काहीतरी लागणे आणि पोट भरणे या सगळ्याची तजवीज तिथे स्वयंपाक करणाऱ्यालाच करावी लागते, आणि पुढे दिलेल्या बहुतेक चुका ही जबाबदारी विस्तवावर सोडून दिल्यामुळे होतात.

नुसत्या भाजीला मुख्य पदार्थ समजणे

मोठे मशरूम भाजून बनमध्ये घातले की बर्गर झाला, ही समजूत फार पसरलेली आहे. दिसायला तो बर्गरच असतो, पण 100 ग्रॅम मशरूममध्ये जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने असतात आणि वांग्यात तर सुमारे 1 ग्रॅमच. तेवढ्याच वजनाच्या शिजवलेल्या काबुली चण्यांत सुमारे 9 ग्रॅम, तर टेंपेमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या घट्ट वडीमध्ये) 19 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मशरूम ताटातून काढून टाकण्याची मुळीच गरज नाही. त्याच्याखाली चण्यांच्या वाटणाचा जाड थर द्यावा आणि वर तिळाची पेस्ट (ताहिनी), लिंबूरस व लसूण एकत्र करून केलेला सॉस सोडावा, म्हणजे प्रथिने आणि स्निग्धांश यांची भरपाई होते.

दाताखाली लागण्याच्या बाबतीत मात्र मशरूमला तोड नाही. त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिन उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे बराच वेळ विस्तवावर राहूनही मशरूमचा लगदा होत नाही. तरीही अनेकदा ते पाणचट लागते, कारण सुटलेले पाणी आटण्यापूर्वीच ते उतरवले जाते. आधी वाटीसारखी बाजू वर ठेवून भाजावे, वाटीत साचलेले पाणी ओतून टाकावे, मग उलटे करून कडा तपकिरी होईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच सोया सॉस व तेल लावावे.

मांसाची उणीव ज्या चवीमुळे जाणवते, ती भरून काढण्याची सामग्रीही वनस्पतींतच आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ‘उमामी’ या मांसासारख्या रुचकर चवीचे मूळ ग्लुटामेट या द्रव्यामध्ये असल्याचे दाखवले, तेही समुद्री शेवाळाच्या रश्श्याचा अभ्यास करून. सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) आणि टोमॅटोची घट्ट पेस्ट यांत ग्लुटामेट भरपूर असते. वाळवलेल्या शिताके मशरूममधील ग्वानिलेट त्या चवीला आणखी उठाव देते. शिताकेची पूड करून सोया सॉसमध्ये मिसळली, तर बाजारातल्या ‘स्मोकी’ मसाल्यांची फारशी गरज उरत नाही.

टोफू (सोया पनीर) फिका लागतो, चिकटतो किंवा मोडतो

या तिन्ही तक्रारींचे कारण एकच असते, ते म्हणजे पाणी. पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग आणणाऱ्या मेलार्ड प्रक्रियेला साधारण 140 अंश तरी लागतात. ओला टोफू म्हणूनच भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि वरचा थर तयार न झाल्याने जाळीला चिकटून राहतो. शक्य तितका घट्ट टोफू घ्यावा (रेशमासारखा मऊ टोफू जाळीवर टिकणे शक्यच नाही), स्वच्छ कापडात गुंडाळून त्यावर अर्धा तास वजन ठेवावे, मग दीड-दोन सेंटिमीटर जाडीचे काप करून तेही कोरडे पुसावेत. हाताशी वेळ असेल तर आदल्या दिवशी टोफू गोठवून, पूर्ण वितळवून आणि हलक्या हाताने पिळून घ्यावा. बर्फाच्या स्फटिकांमुळे आत छिद्रे पडतात, पोत चिवट होतो आणि मसाला खरोखरच आतपर्यंत जातो.

काप जाळीवर ठेवल्यावर दर मिनिटाला उचलून पाहण्याचा मोह आवरावा. खालची बाजू नीट भाजली गेली, की काप बहुधा आपणच सुटतो. चिमट्याने ओढावा लागत असेल, तर त्याची वेळ अजून झालेली नाही. तेल जाळीला न लावता कापांना लावावे, आणि तेही पातळ थरात, कारण ठिबकणारे तेल निखाऱ्यांवर पडून भडका उडतो आणि पदार्थावर काजळी बसते.

पॅटी जाळीतून खाली पडते

राजमा किंवा चण्यांची पॅटी फुटली, की लोक मिश्रणात आणखी पीठ ढकलतात आणि मग ती घशाखाली उतरत नाही. खरा उपाय दाणे कोरडे करण्यात आहे. शिजवून निथळलेले दाणे ओव्हनमध्ये 175 अंशांवर 15 मिनिटे ठेवावेत, म्हणजे त्यांची साले तडकतात आणि ओल कमी होते. नंतर ते जाडसर कुस्करावेत, मिक्सरमध्ये गुळगुळीत करू नयेत. जवसाची एक चमचा पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली, की अंड्याऐवजी मिश्रण बांधून ठेवणारा चिकट द्रव तयार होतो. त्याच्या जोडीला थोडा ब्रेडचा चुरा पुरतो. थापलेल्या पॅटी फ्रीजमध्ये किमान अर्धा तास ठेवाव्यात आणि भाजताना एकदाच उलटाव्यात. इतके करूनही खात्री वाटत नसेल, तर जाळीवर लोखंडी तवा ठेवून त्यावर भाजण्यात काहीही कमीपणा नाही.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. अर्धवट शिजलेला राजमा ‘पुढे ग्रिलवर शिजेलच’ या भरवशावर कधीही वापरू नये. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि दाणे 80 अंशांच्या आसपासच तापले, तर ते नष्ट होण्याऐवजी दाण्यांची विषारकता वाढू शकते. दाणे किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावेत आणि पुढे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावेत. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असल्याने त्याबाबत ही काळजी नाही.

सगळे एकाच आचेवर, एकाच वेळी

निखारे जाळीखाली सर्वत्र सारखे पसरले, की फ्लॉवर बाहेरून करपतो आणि देठाशी कच्चा राहतो. निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू मंद ठेवावी. फ्लॉवरचे देठासकट अडीच सेंटिमीटर जाडीचे काप करावेत (एका गड्ड्यातून असे दोन-तीनच निघतात), ते मंद बाजूला झाकणाखाली जवळजवळ शिजवावेत आणि शेवटी कडक आचेवर डाग पाडून घ्यावेत. बटाटे आणि रताळी आधी उकडूनच आणावीत.

काड्यांवर वेगवेगळ्या भाज्या ओवणे फोटोसाठी छान असले, तरी चेरी टोमॅटो फुटून जातो तेव्हा शेजारचा कांदा कच्चाच असतो. एका काडीवर एकच भाजी ठेवावी, दोन काड्या समांतर खुपसाव्यात म्हणजे तुकडे फिरत नाहीत, आणि लाकडी काड्या आधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

गोड बार्बेक्यू सॉस सुरुवातीलाच फासला तर त्यातली साखर जळून कडवट होते. तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावावा. भाज्या रात्रभर मॅरिनेट करण्याचाही फारसा उपयोग नाही, कारण मसाला सालीच्या आणि पेशींच्या आत क्वचितच शिरतो, उलट मिठामुळे पाणी सुटते. तेल, मीठ लावून भाजावे आणि गरम असतानाच लिंबूरस, लसूण, सुवासिक पाने व तेल यांच्या मिश्रणात घोळवावे. भाजलेली, मऊ झालेली भाजी ते मिश्रण पटकन शोषते.

लेबल न वाचणे, चिमटा न बदलणे

मांस नसणे आणि व्हीगन असणे यात बरेच अंतर आहे. पारंपरिक वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, ब्रिओश बनमध्ये लोणी आणि अंडी, मेयोनेजमध्ये अंडी, पेस्टोमध्ये चीज, तर अनेक बार्बेक्यू सॉसमध्ये मध असतो. ‘व्हेज’ लिहिलेल्या तयार पॅटीतही अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातील प्रथिने सापडू शकतात. शेवटी निखाऱ्यांवर भाजायला काढले जाणारे मार्शमॅलो तर बहुधा जनावरांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असतात.

जाळीच्या बाबतीत पाहुण्यालाच आधी विचारावे, कारण काहींना ताजी घासलेली जाळी चालते, काहींना मांसाचा स्पर्शही नको असतो. स्वतंत्र जाळी नसेल, तर व्हीगन पदार्थ सर्वांत आधी भाजावेत किंवा जाड फॉइल अंथरावी. चिमटा, ब्रश आणि ताटली वेगळी ठेवणे मात्र सर्वच बाबतींत अनिवार्य मानावे. कच्च्या मांसाच्या मॅरिनेडमध्ये बुडवलेला ब्रश भाजीवर फिरवणे हा तत्त्वाचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्यातून पोटाचा संसर्गही होऊ शकतो.

मोजके करणे

दोन व्हीगन पाहुण्यांसाठी दोनच पॅटी केल्या, की त्यातली एक हमखास कोणीतरी ‘चव बघायला’ उचलतो. चांगले भाजलेले टेंपे किंवा ताहिनीतला फ्लॉवर मांसाहारी मंडळीही आवडीने घेतात, आणि ज्याच्यासाठी तो केला त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर भांडे रिकामे झालेले असते. या पदार्थांचे प्रमाण निदान निम्म्या पाहुण्यांना पुरेल इतके धरावे, ते मांसाच्या बरोबरीनेच टेबलावर आणावेत आणि गर्दी मोठी असेल तर व्हीगन पाहुण्यांचे वाढप आधीच झाकून बाजूला काढून ठेवावे.