गेको आणण्याआधी पेटीला एक मे महिना काढू द्या

जळगाव-भुसावळकडे झाडांनी भरलेल्या काचेच्या पेटीत गेको, म्हणजे पालीच्या कुळातलं जनावर, पाळायचा असेल तर पहिली तयारी कॅलेंडरवर करा. पेटी दिवाळीनंतर बांधा, जनावर पुढच्या पावसाळ्यात आणा. मधला सगळा उन्हाळा पेटी नुसत्या झाडांवर चालवायची. बाहेर पारा ४५ला टेकतो तेव्हा काचेच्या आत काय होतं ते मे महिन्याशिवाय कळत नाही, आणि ते जनावराच्या जिवावर शिकू नये. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले. पेटी गरम कशी ठेवायची ते त्यात असतं, आपला प्रश्न नेमका उलटा.

जात ठरवतानाही हाच विचार करा. क्रेस्टेड गेको फार गोड दिसतो, पण तो न्यू कॅलेडोनियाचा. २८ अंशांच्या वर त्याचे हाल होतात. दिवसरात्र एसी चालवणार नसाल तर त्याचा नाद सोडा. मी ही यादी मादागास्करच्या मोठ्या हिरव्या डे गेकोसाठी लिहितोय. सगळे फेल्सुमा, म्हणजे डे गेको, साइट्स या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, तेव्हा विकणाऱ्याकडून कागद घ्या आणि २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा. कागद नसतील तर रिकाम्या हाताने परत या. आपल्या सातपुड्यातही एक देखणा बिबट्या गेको आहे, २०१४ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. तो डोंगरातच राहू द्या. रानातली कुठलीही पाल उचलून घरी आणायची नाही.

पेटी उभी हवी, कारण हा गेको झाडावर राहणारा. ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटर एकाला पुरते. फिश टँक बनवणाऱ्याकडून करून घेतलीत तर दार पुढून ठेवा, वर स्टीलची बारीक जाळी लावा, आणि सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत आत काही भरू नका. पेटीची जागा पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीत नको. माझी पहिली पेटी पश्चिमेच्या भिंतीला होती. मे महिन्यात दुपारी चारला दिवे बंद असताना आत ३९ अंश भरले आणि नेचं दोन दिवसांत करपलं. आत गेको नव्हता म्हणून नुकसान नेच्यावर निभावलं. आता पेटी कूलरच्या खोलीत आहे, पण थेट झोतात नाही. वरच्या कोपऱ्यात दिव्याखाली ३० ते ३२, खाली २५-२६ अंश राहिले की झालं. त्यासाठी वर एक आणि खाली एक असे दोन थर्मामीटर लावा. भारनियमनासाठी इन्व्हर्टरवर पंखा हवा, आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली की त्या पेटीच्या जाळीवर ठेवायच्या. जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा सिरॅमिक हीटर लागेल, पण थर्मोस्टॅटशिवाय तो लावू नका.

तळाशी विटांचे तुकडे, त्यावर डासांची जाळी, मग माती. इथे मन मोडून सांगतो, आपली काळी माती नको. कपाशीला ती सोनं आहे, पेटीत मात्र ओली झाली की चिकटून बसते, सुकली की भेगाळते आणि मुळं गुदमरतात. कोकोपीट, धुतलेली नदीची वाळू आणि चांगलं कुजलेलं पानखत मिसळा. वर सागाची किंवा बदामाची वाळलेली पानं पसरा. कुंडी उचलली की खाली दिसणारे राखाडी, गोळी होणारे किडे त्यात सोडा, विष्ठा आणि बुरशी ते निपटतात.

झाडं म्हणाल तर मनी प्लांट आणि स्नेक प्लांट भरवशाची. नर्सरीतून आणल्यावर पानं धुवा, मुळांची माती बदला आणि महिनाभर बाहेर ठेवा, कारण फवारणीचं औषध पानात मुरलेलं असतं. त्याच कारणाने कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातले किडे पकडून खाऊ घालू नका. बुरुडाकडून मनगटाएवढे जाड बांबू कापून घ्या. डे गेकोला त्यांच्या पोकळीत झोपायला आवडतं आणि मादी तिथेच अंडी घालते.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब लागतेच. काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा उपयोग शून्य. प्रकाश दिसत राहिला तरी ट्यूब वर्षाने बदला. फवाऱ्यात बोअरचं जड पाणी नको, काचेवर पांढरे डाग पडतात; आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आजी दुधाच्या कपाटाला ठेवायची तसे. मुंग्या एका रात्रीत पेटीत शिरतात.

खाण्यासाठी झुरळं किंवा क्रिकेट कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. पिकलेलं केळं त्याला फार आवडतं आणि आपल्याकडे त्याची काय कमी, पण त्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून आठवड्यातून एकदा, नखाएवढंच.

गेको येईल त्या दिवशी सकाळी फवारून ठेवा, डबा पेटीत उघडा आणि दार लावून घ्या. हातात घेऊ नका, त्याची कातडी पटकन फाटते. पहिले काही दिवस तो बांबूत दडून राहील. वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ फवारा आणि लांबून बघत बसा.