हॅश ट्रीने तुटलेली फाइल सावरताना या चुका टाळा

दारव्हा-दिग्रसकडच्या गावात कापसाच्या काटापट्ट्यांचे स्कॅन पेन ड्राइव्हवर उतरवताना लाइन गेली, की पुष्कळदा फाइलचा आकार पूर्ण दिसतो आणि आतले शेवटचे तुकडे कोरे असतात. आकार पाहून निर्धास्त होऊ नका, हॅश (डेटावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) तपासा.

हॅश ट्री म्हणजे फाइलच्या तुकड्यांचे हॅश (पानं) जोडीजोडीने एकत्र करत वर एकाच हॅशपर्यंत (रूट) नेणारी रचना. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ती हरवलेला डेटा परत देते. ती फक्त कोणता तुकडा बिघडला ते दाखवते. एसएचए-२५६ या नेहमीच्या पद्धतीचा हॅश ३२ बाइटचा. त्यातून १ एमबीचा तुकडा उलटा काढता येत नाही. नेमक्या माहीत असलेल्या जागेचे दोनच बाइट गेले असतील, तर ६५,५३६ शक्यता तपासून जुळणारी सापडते. चार बाइटला शक्यता ४२९ कोटींवर जातात. सोळा बाइटचा नाद सोडा. म्हणून दुसरी प्रत किंवा पॅरिटी (तुकड्यांवरून काढलेला जादा तुकडा) आधीच हवी. दहा तुकड्यांचा एक्सऑर (बिटागणिक करायची एक क्रिया) करून अकरावा ठेवला, तर अकरांतला कोणताही एक पुन्हा बनवता येतो. पण बिघडलेला कोणता हे ठाऊक असेल तरच, आणि तेच ट्री सांगते.

नुसता रूट हॅश जपून भागत नाही. बिघाड आहे एवढंच त्यातून कळतं, कुठे ते नाही. १ जीबीच्या फाइलचे १ एमबीचे १,०२४ तुकडे केले, तर पानांचे सगळे हॅश ३२ केबीत मावतात. ते वेगळ्या डिस्कवर ठेवा, रूटचे ३२ बाइट लिहिताना होणारी ६४ अक्षरं रजिस्टरात उतरवा. मग तालुक्याला ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतून अख्खा १ जीबी ओढायची गरज नाही, बिघडलेला १ एमबी मागवा. गावच्या नेटवर हा फरक फार मोठा आहे. आलेला तुकडा बसवण्याआधी त्याचाही हॅश काढा.

एका जागेपासून पुढचे सगळेच तुकडे जुळत नसतील, तर बहुधा बाइट सरकलेत. डिस्कची प्रत काढणाऱ्या ‘डीडी’ कमांडला ‘नोएरर’ (चूक आली तरी पुढे जा) दिलं आणि ‘सिंक’ (न वाचलेली जागा भरून काढ) विसरलं, की न वाचलेला भाग गळतो आणि पुढचं सगळं मागे येतं. त्यापेक्षा ‘डीडीरेस्क्यू’ प्रोग्रामने डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या, त्यात न वाचलेली जागा तेवढीच मोकळी राहते. दुरुस्ती त्या इमेजच्या प्रतीवर करा, मूळ डिस्कला हात लावू नका.

पानं जुळतात पण रूट जुळत नाही? मग हॅश एकमेकांना जोडून वरचा हॅश कसा काढला ते पाहा. ३२ बाइटऐवजी ६४ अक्षरांचा मजकूर जोडला गेला असेल, डावं-उजवं उलटलं असेल, किंवा पानं विषम असताना एका प्रोग्रामने शेवटचं पान दोनदा घेतलं आणि दुसऱ्याने तसंच वर नेलं असेल. हा नियमही रजिस्टरात रूटशेजारीच लिहा.