कोकणातल्या घरात जुने फोटो, पोथ्या आणि दप्तरे कशी जपावीत

कोकणात जुन्या कागदाचा पहिला शत्रू ओलावा आहे आणि वाळवी, कसर, बुरशी हे सगळे त्याच्याच मागोमाग येणारे सोबती आहेत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला धरायला वेळ लागत नाही, आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणात ती ८५ टक्क्यांच्याही पुढे असते. त्यातच खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण वस्तूंवर बसतात आणि हवेतले पाणी ओढून घेतात. म्हणून उघडणे, झटकणे, वर्गवारी करणे, स्कॅन करणे ही सारी कामे दिवाळीनंतर काढून शिमग्यापर्यंत संपवावीत, आणि मिरगाच्या आधी सगळे बांधून बंद करावे. भर पावसात कपाट उघडून ‘वारा लागू द्यावा’ म्हणणे म्हणजे दमट हवा आत बोलावणे होय.

आधी जागा ठरवावी. माळा नको, कारण तिथे उन्हाळ्यात कौलांखाली भट्टी होते आणि पावसात एखादे कौल सरकले की धार थेट ट्रंकेवर पडते. जमिनीलगतचा फडताळाचा खणही नको, कारण तिथे जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही पोहोचतात. माजघरातल्या आतल्या भिंतीला, पण तिच्यापासून चार बोटे सुटे, पायांवर उभे असलेले लोखंडी कपाट सर्वांत बरे. आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा. अंदाजापेक्षा त्याच्या आकड्यावर विसंबावे. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच उपयोगी पडतात, फटी असलेल्या कपाटात त्या दोन दिवसांत दमतात. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात.

फोटोंत सर्वांत जास्त नुकसान भिंतीवरच्या फ्रेमींमध्ये होते. पडवीतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेला कुटुंबाचा समूहफोटो जवळून पाहावा: खालच्या कडेने तपकिरी लाट वर चढलेली असते, पाठीच्या पुठ्ठ्यावर चुन्यासारखे पांढरे ठिपके असतात आणि मधल्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांचा चेहरा काचेला चिकटून तिथे ओलसर चकाकी आलेली असते. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमटपणात फुगून मऊ होतो आणि सुकताना काचेला धरतो. असा फोटो ओढून काढू नये, सुरीही घालू नये. काचेसकटच सपाट ठेवावा, काचेवरून त्याचा उत्तम प्रतीचा फोटो काढून घ्यावा आणि सोडवण्याचे काम जाणकार संवर्धकाकडे द्यावे. चांगल्या स्थितीतला फोटो पुन्हा फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर राखावे. भिंतीवर मात्र नक्कलच लावावी आणि मूळ प्रत कपाटात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅमिनेशन कधीही करू नये, कारण ते पुन्हा सुटत नाही. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नयेत. प्रत्येकीला कागदी पाकीट करून त्या कडेवर उभ्या ठेवाव्यात.

मोडी दप्तरे, म्हणजे मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचे गठ्ठे, आणि पोथ्या यांची जुनी बांधणी मुळातच शहाणपणाची होती. सुती रुमालात गुंडाळलेला गठ्ठा धूळ अडवतो आणि हवाही थोडी खेळू देतो, तेव्हा रुमाल काढून प्लॅस्टिकची पिशवी घालण्याचा उत्साह आवरावा. फक्त कापड नवे, धुतलेले आणि रंग न जाणारे असावे. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेला मजकूर पाण्याने फिसकटतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसणे वर्ज्य; मऊ कुंचल्याने मधल्या शिवणीकडून बाहेरच्या दिशेने धूळ झाडावी. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप लावू नये, कारण काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

कसर अक्षरांवरून कागद खरवडते, तर पुस्तककिडा आरपार भोके पाडतो. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण त्याची पूड किंवा ओला कडुनिंब पानांत घालू नये, डाग राहतात. डांबरगोळ्यांचा वास किड्यापेक्षा माणसाला अधिक बाधतो. किडा लागलेले पुस्तक हवा काढलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नये, नाहीतर गार पानांवर दव धरते. फोटो, काच आणि चामड्याची बांधणी यांना मात्र हा उपाय जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तके भिजली. पाणी ओसरल्यावरचे पहिले ४८ तास महत्त्वाचे असतात, कारण त्यानंतर बुरशी धरते. भिजलेले पुस्तक उघडून चाळू नये. थोडके असेल तर पानांत टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावे, आणि आवाक्याबाहेर असेल तर मेणकागदात गुंडाळून सरळ गोठवावे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी मासळीची शीतगृहे असतात, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेले चांगले. ऊन कडक असले तरी अंगणात पसरू नये. कागद वाकडा होऊन कडक पडतो. बुरशी झाडताना नाकातोंडावर चांगला मास्क असावा.

तांब्या-पितळेच्या जुन्या मूर्ती, नाणी आणि ताम्रपट चिंचेने घासून लखलखीत करू नयेत. झिलईबरोबर अक्षरेही झिजतात.

बुरशीपेक्षाही मोठे नुकसान ओळख पुसल्यामुळे होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून फोटोतला प्रत्येक माणूस, गाव आणि प्रसंग विचारावा, बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात करून दोन ठिकाणी ठेवावे, त्यातले एक घराबाहेर.

घरी जपणे अवघड असेल तर संस्थेकडे द्यावे. मुंबईतले राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे सरकारी भांडार, १८२१ पासूनचे आहे, पुण्यात पेशवे दप्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तर जवळच्या वाचकांसाठी १८२८ पासूनचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय आहे. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातन वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशातल्या नातेवाइकांना आधीच सांगावे. देताना कागद दान आहे की ठेव, हे लेखी ठरवावे. नकला कोणाला मिळतील, वापरताना कुटुंबाचे नाव छापले जाईल का आणि कुटुंबाला डिजिटल प्रत मिळेल का, हेही त्यातच नमूद करावे. प्रत्येक कागदाची आणि फोटोची क्रमवार यादी दोन प्रतींत करून एकीवर संस्थेचा शिक्का व सही घ्यावी आणि ती प्रत घरच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.